समुद्रापलीकडील प्रवास आणि विम्याचें कवच

पूर्वीं लांबचा प्रवास म्हणजे काशीचा. आमच्या सोनगिरांतून कोणी काशीस निघाला, कीं तो आधीं घेणेंदेणें मिटवी, शेतीचे कागद भावाच्या स्वाधीन करी, गंगोदकासाठीं गांवच्याच तांबटाकडून तांब्याचा गडू करून घेई, आणि वेशीपर्यंत पोंचवावयास आलेल्या मंडळींस हात जोडून म्हणे, ‘मुलांबाळांकडे लक्ष असूं द्या.’ त्या एका वाक्यांत त्याचा सारा विमा होता. तो सुखरूप परतला तर मावंदें होई; न परतला तर त्याचीं मुलें भावाच्या पंक्तीस जेवून मोठीं होत. हप्ता नव्हता, पॉलिसी नव्हती. एकत्र कुटुंब हीच कंपनी, आणि तिचें दिवाळें सहसा निघत नसे.

आतां काशी जवळ आली आणि अमेरिका घरांतली झाली. धुळें-जळगांवकडील ज्या घरांतून पूर्वीं मुलगा पुण्यास शिकावयास गेला तरी आई आठ दिवस डोळे पुशी, त्याच घरांतील आजी आज नातवाच्या बारशासाठीं एकटी विमानांत बसून अर्धी पृथ्वी ओलांडते. तिच्या पेटींत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि बाळंतिणीचीं औषधें बिनचूक भरलेलीं असतात. परंतु ती स्वतः तेथें आजारी पडली तर काय, या प्रश्नाचें उत्तर त्या पेटींत क्वचितच सांपडतें. तोच प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या ओसरीवर निघाला आणि त्यावर तीन दिवस वाद झाला. तो वाद व त्याचा निकाल वाचकांस उपयोगी पडेल, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रसंग असा. आमच्या कन्येच्या दुसऱ्या बाळंतपणासाठीं आम्हां उभयतांस सहा महिने अमेरिकेस जावयाचें होतें. जांवईबापूंनीं तिकिटांबरोबर प्रवासविम्याचाहि विषय काढला. दोघांच्या हप्त्याचा आंकडा आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून थोडा अधिकच होता. तो ऐकतांच आमचे धाकटे बंधु म्हणाले, ‘दादा, हे पैसे म्हणजे तापींत टाकलेला नारळ! पाण्याबरोबर गेला तो गेला.’

आम्ही जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें; तेव्हां पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून सिद्धांत सांगावयाचा नाहीं ही आमची खोड आहे. बंधूंचे आक्षेप तीन होते. पहिला, कांहीं झालें नाहीं तर पैसे फुकट गेले. दुसरा, निघतांनाच आजाराचा व मरणाचा विचार करणें अपशकुनाचें. तिसरा आणि सर्वांत जड, वेळ आली म्हणजे कंपन्या पैसे देत नाहींत. हे तिन्ही आक्षेप घरोघर ऐकूं येतात, म्हणून एकेकाचा विचार करूं.

दुसरा आक्षेप आधीं घेतों, कारण तो सर्वांत जुना दिसतो आणि सर्वांत दुबळा आहे. संकटाचा आगाऊ हिशेब करणें हें पाश्चात्त्यांचें खूळ, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत कर्जाच्या व्याजाचे दर सांगितले आहेत. सामान्य कर्जाहून अरण्यांतून जाणाऱ्या व्यापाऱ्याचा दर अधिक, म्हणजे दरमहा शेंकडा दहा. आणि समुद्रावर जाणाऱ्याचा दरमहा शेंकडा वीस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि अरण्य व समुद्र यांसाठीं हेच आंकडे आहेत. इतका जबर दर कां, याचें कारण मिताक्षराकार विज्ञानेश्वर देतात: तेथें मुद्दलच बुडण्याची भीति असते. म्हणजे सावकार त्या वाढीव व्याजांत धोक्याची किंमत घेत होता. आजच्या विम्याचें सारें तत्त्व यांत बीजरूपानें आहे. ज्यांनीं धर्मशास्त्र रचलें त्यांस हा हिशेब अशुभ वाटला नाहीं. मग आपणांसच तो कां वाटावा?

अर्वाचीन रूप मात्र तिकडून आलें हें खरें. आगगाडी सुरू झाली तसे अपघात होऊं लागले, आणि १८४९ सालीं लंडनमध्यें रेल्वेच्या उतारूंचा अपघाती विमा उतरविणारी कंपनी निघाली. अमेरिकेंत हार्टफर्ड येथें १८६४ सालीं जेम्स बॅटरसन या गृहस्थानें एका पेढीवाल्याचा टपालकचेरीपासून घरापर्यंतच्या वाटेचा एक हजार डॉलरांचा विमा दोन सेंटांत उतरविला, आणि त्यांतून पुढें मोठी कंपनी उभी राहिली. आपल्याकडेहि हें तत्त्व रुजावयास वेळ लागला नाहीं. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं ‘वेस्टर्न इंडिया’ ही आयुर्विम्याची कंपनी काढली ती मराठी मध्यमवर्गाच्याच बळावर. आज आपण आगगाडीचें तिकीट घरबसल्या काढतों तेव्हां रुपयाहूनहि कमी पैशांत दहा लाखांचा विमा मिळतो. त्यावर खूण करतांना कोणाच्या मनांत अपशकुन येत नाहीं.

आतां विम्यावांचून दूरदेशीं जाणें म्हणजे काय, याचीं दोन उदाहरणें आपल्याच इतिहासांतून देतों. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं इंग्लंडचा प्रवास करून परत येत असतां इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं आजारी पडले आणि त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला, अवघ्या विशींत, वारले. त्या नगरींत हिंदु रीतीनें दहन ही गोष्टच अपूर्व. नगराधिकाऱ्यांची खास परवानगी मिळवावी लागली, तेव्हां आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाला. तेथें महाराजांचें स्मारक आजहि उभें आहे आणि जवळच्या पुलास तेथील लोक त्यांच्याच आठवणीनें ‘इंडियानो’ म्हणतात. ते राजे होते. पदरीं माणसें होतीं, राजकीय वजन होतें, म्हणून एवढें तरी साधलें. सामान्य गृहस्थाच्या मुलाबाळांनीं परक्या गांवीं अशा वेळीं कोणाचें दार ठोठवावें?

दुसरें उदाहरण डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें. १८८३ च्या एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्यें न्यू यॉर्कास उतरल्या, आणि १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. त्या काळांतच प्रकृति ढांसळली. क्षयानें ग्रासलेल्या त्या त्याच वर्षाच्या अखेरीस स्वदेशीं परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. वय बावीसहि पुरें नव्हतें. परदेशांत त्यांस आधार कोणाचा होता? न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंचा. त्या माउलीनें परक्या धर्माच्या मुलीस पोटच्या लेकीप्रमाणें जवळ केलें. आनंदीबाईंची रक्षा पुढें त्यांच्याकडेच पाठविण्यांत आली आणि ती त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत विसावली आहे. अशी माणसें लाभणें हें भाग्य होय. परंतु भाग्यावर हवाला ठेवून प्रवासाची आंखणी करतां येत नाहीं.

आतां पहिला आक्षेप. कांहीं झालें नाहीं तर पैसे फुकट गेले काय? येथें बंधूंचें म्हणणें अंकगणिताच्या दृष्टीनें बरोबर आहे, हें आम्हीं मोकळ्या मनानें कबूल केलें. समजा, शंभर प्रवाशांनीं हप्ते भरले. त्यांतील बहुतेक सुखरूप परततात, आणि त्यांच्या पैशांतून ज्यांवर संकट आलें त्यांचीं बिलें भागतात; उरलेल्यांतून कंपनी आपला खर्च व नफा काढते. तेव्हां शंभरांस मिळून जितकें परत मिळतें त्याहून त्यांनीं अधिकच भरलेलें असतें. विम्याकडे किफायतीचा व्यवहार म्हणून पाहणारा मनुष्य फसणारच. विमा घ्यावयाचा तो नफ्यासाठीं नव्हे, तर जें नुकसान आपणांस सोसवणारच नाहीं त्यासाठीं. यावरून एक सोपा नियम निघतो: जें नुकसान घरच्या पेटींतून भरून काढतां येईल त्याचा विमा उतरूं नये, ज्यानें घरदार विकावें लागेल त्याचा उतरल्याविना राहूं नये.

हा नियम परदेशास लावून पाहा. अमेरिकेंत १९८६ च्या कायद्यानें रुग्णालयास तांतडीच्या रुग्णास पैशासाठीं दारांतून परतवितां येत नाहीं; पण उपचारानंतर बिल यावयाचें तें येतेंच, आणि तेथील बिलें आपल्या कल्पनेच्या पलीकडचीं असतात. आपल्याकडे ज्यास हजार लागतात त्यास तेथें लाख लागले, तर आश्चर्य मानूं नये. इंग्लंडांत औषधोपचार फुकट असतो असें पुष्कळांस वाटतें. अपघातविभागांतील तपासणी तेथें खरोखर विनामूल्य आहे. परंतु पाहुण्या प्रवाशास रुग्णालयांत दाखल करून घेतलें, तर ठरलेल्या दराच्या दीडपट आकार होतो. युरोपांतील शेंगेन देशांनीं तर हा विषय आपल्या मर्जीवर ठेवलाच नाहीं. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखविल्यावांचून त्यांचा प्रवेशपरवाना मिळत नाहीं. कॅनडांत मुलांकडे दीर्घ मुदतीसाठीं जाणाऱ्या आईबापांच्या ‘सुपर व्हिसा’स निदान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा, वर्षभराचा विमा लागतो.

आमच्या सरकारनेंहि २००३ सालीं ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ काढली. आखाती देशांत व इतरत्र मजुरीस जाणाऱ्या ज्या कामगारांस सरकारी परवानगी लागते, त्यांस हा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांस २७५ किंवा तीन वर्षांस ३७५ रुपयांत दहा लाखांचें संरक्षण त्यांस मिळतें. गवंडी विमा घेऊन दुबईस जातो, आणि पदवीधर मुलांचे सुशिक्षित वडील देवावर भार टाकून न्यू यॉर्कास जातात. यास श्रद्धा म्हणावें कीं हयगय, हें वाचकांनींच ठरवावें.

राहिला तिसरा आक्षेप. कंपन्या पैसे देत नाहींत, या तक्रारींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं; परंतु तिचीं कारणें पाहतां निम्मा दोष न वाचतां सही करण्याच्या आपल्या संवयीकडे जातो. आम्हींहि तसेंच केलें असतें. अर्ज भरणाऱ्या गृहस्थांनीं ‘पूर्वींचे आजार’ या रकान्यापाशीं थांबून हळूच सुचविलें, ‘गुरुजी, येथें नाहीं म्हणून लिहूं या. रक्तदाब कोणास नसतो? उगाच हप्ता वाढावयाचा.’ आमच्या कुटुंबास आठ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. खरें सांगावयाचें तर आमची लेखणी क्षणभर त्या ‘नाहीं’कडे वळली होती. तोंच माजघरांतून शब्द आले, ‘अहो, छत्तीस वर्षें पोरांना खरें बोलायला शिकवलंत, आणि आतां माझ्या नांवानें खोटं लिहितां?’ आम्हीं ‘होय’ लिहिलें. त्या रात्रीं जेवतांना आम्ही फारसें बोललों नाहीं.

या एका शब्दाचें महत्त्व वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. विम्याचा करार इतर करारांसारखा नसतो. आपल्या शरीराची माहिती आपणांसच असते. ती कंपनीस डोळ्यांनीं दिसत नाहीं. म्हणून कायदा येथें दोन्ही पक्षांकडून पूर्ण प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो, आणि महत्त्वाची गोष्ट लपविलेली आढळली तर कंपनीस मागणी नाकारण्यास आधार मिळतो. आजार सांगितल्यानें काय होतें? कांहीं पॉलिसी त्या आजाराचा खर्च मुळींच देत नाहींत. कांहीं प्राणसंकटापुरता देतात. कांहीं अधिक हप्ता घेतात. पण निदान बाकीच्या सर्व संकटांपुरतें कवच अभंग राहतें.

आणि झालेंहि तसेंच. जानेवारीच्या एका सकाळीं अंगणांतील बर्फावरून पाय घसरून आमच्या कुटुंबाचें उजवें मनगट मोडलें. रुग्णालयांत हाडाकडे पाहण्यापूर्वींच त्यांनीं विचारलें, ‘कोणतीं औषधें घेतां?’ कन्येनें रक्तदाबाची गोळी सांगितली आणि ती कागदावर लिहिली गेली. पुढें कंपनीनें मागविला तो हाच कागद. आमच्या अर्जांत ‘नाहीं’ असतें तर मनगटाचा व रक्तदाबाचा संबंध काय हें सांगत बसण्याची पाळी आम्हांवर आली असती. अर्ज आणि कागद जुळले. तरी दोन महिने पत्रव्यवहार चालला आणि एकच दाखला तीनदां पाठवावा लागला. अखेर आरंभीची ठरलेली वजावट आणि नंतरच्या व्यायामोपचारांचा खर्च सोडून बाकीचें बिल चुकतें झालें. तें बिल आमच्या दोन वर्षांच्या निवृत्तिवेतनाहून मोठें होतें. बाळंतिणीची शुश्रूषा करावयास गेलेली आजी महिनाभर स्वतःच लेकीच्या हातचें जेवली, हा भाग मात्र कोणत्याहि विम्यांत भरून निघणारा नव्हता.

अनुभवानें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. विमापत्र घेतांना पहिल्या पानावरील मोठा आंकडा पाहून भुलूं नये. साठी उलटलेल्यांच्या पॉलिसींत पुष्कळदां खोलीभाडें, शस्त्रक्रिया, डॉक्टरची भेट यांच्या निरनिराळ्या लहान मर्यादा आंत लपलेल्या असतात. अमेरिकेंत उतरवितां येणाऱ्या विम्यांतहि दोन जाती आहेत: एक प्रत्येक बाबीस ठराविक रक्कम देणारी, दुसरी बिलाचा मोठा हिस्सा उचलणारी. पहिली स्वस्त, पण खऱ्या संकटांत तोकडी पडते. रुग्णालयांत जाण्यापूर्वीं, किंवा निकड असल्यास पोंचतांच, विमापत्रावरील मदतक्रमांकावर कळवावें. तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येकानें जवळ बाळगावा. केवळ दूरध्वनियंत्रांत ठेवूं नये. दांतांचे नेहमींचे उपचार, चष्मा, नेहमींच्या तपासण्या, मद्यपानांत झालेली इजा, डॉक्टरांनीं मना केलें असतां केलेला प्रवास, यांचे पैसे सहसा मिळत नाहींत. उपचारासाठींच परदेशीं जाणाऱ्यास तर हा विमा नव्हेच.

मुदतीकडेहि लक्ष असावें. २०२० च्या मार्चांत विमानें एकाएकीं बंद झालीं तेव्हां मुलांकडे गेलेले कितीतरी वृद्ध तेथेंच अडकले. मुक्काम लांबला आणि विम्याची तारीख मात्र ठरलेलीच! मुदतवाढ मागावयाची ती मुदत संपण्यापूर्वीं; नंतर मागितल्यास ती मिळेलच असें नाहीं. तसेंच, आजाऱ्यास किंवा मृताच्या देहास स्वदेशीं आणण्याचा खर्च विम्यांत आहे कीं नाहीं हें पाहावें. फ्लॉरेन्सची गोष्ट ऐकल्यावर याचें कारण वेगळें सांगावयास नको.

सामानाच्या विम्याविषयीं मात्र आमचें मत बंधूंच्या बाजूचें आहे. १९९९ चा माँट्रिअल येथील करार भारतानें २००९ सालीं स्वीकारला असून, त्यान्वयें विमानकंपनी ठरीव मर्यादेपर्यंत सामानाची भरपाई देण्यास मुळांतच बांधलेली आहे. सामान मोडलेलें मिळाल्यास सात दिवसांच्या आंत आणि उशिरां मिळाल्यास तें हातीं आल्यापासून एकवीस दिवसांच्या आंत लेखी तक्रार केली पाहिजे. आणि विमानतळ सोडण्यापूर्वींच तेथील खिडकीवर नोंद करून पावती घ्यावी. लाडवांचा डबा हरवला तर लाडू पुन्हां वळतां येतात. त्यासाठीं निराळा हप्ता कशाला?

येथील कंपनीनें मागणी अन्यायानें नाकारली, तर स्वस्थ बसूं नये. प्रथम कंपनीसच लेखी तक्रार द्यावी. महिनाभरांत समाधान झालें नाहीं, तर विमा लोकपालाकडे जावें. आमच्या खानदेशासाठीं तें कार्यालय पुण्यास आहे. तेथें फी पडत नाहीं, वकील लागत नाहीं. कंपनीच्या अखेरच्या नकारापासून एक वर्षाच्या आंत अर्ज मात्र गेला पाहिजे.

तात्पर्य काय? अमेरिका व कॅनडा येथें जाणाऱ्या वृद्धांनीं विमा घ्यावाच. त्यासाठीं दागिन्यांची एखादी खरेदी मागें पडली तरी चालेल. युरोपास जाणाऱ्यांनीं केवळ परवान्याची अट भागविणारें सर्वांत स्वस्त विमापत्र न घेतां त्यांतील कलमें वाचून घ्यावें. धडधाकट तरुणानें जवळच्या देशीं चार दिवस जातांना लहानसा वैद्यकीय विमा घ्यावा आणि बाकीचीं आमिषें सोडावीं. ‘मुलगा आहे ना तेथें, तो पाहील’ असें म्हणणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें, कीं मुलगा पाहील हें खरें. परंतु त्यानें घराचें कर्ज, मुलांचें शिक्षण आणि आपलें बिल एकदमच पाहावें असा प्रसंग त्याजवर आणणें हें बापाचें काम नव्हे.

बंधूंचा आग्रह अजून पुरता सुटलेला नाहीं. आम्ही परत आल्यावर ते म्हणाले, ‘दादा, वहिनींचा हात मोडला म्हणून तुमचे पैसे वसूल झाले.’ तें ऐकून आमचें कुटुंब हंसलें; अजून थंडीच्या दिवसांत तो हात दुखतो. आम्हीं उत्तर दिलें, कीं पुढच्या खेपेस आम्ही पुन्हां हप्ता भरूं, कांहींएक न होतां धडधाकट परत येऊं, आणि त्या वेळीं तो नारळ तापींत वाहून गेला याचाच आनंद मानूं.